डोळ्यातले भिंग आणि त्याचे मोल

औंढा तालुक्यात लिगोची वेधशाळा होणार हे ठरल्यापासून आपल्या हिंगोली जिल्ह्यात आरशांची चर्चा आहे. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू आणि त्यांत टांगायचे सुमारे चाळीस किलो वजनाचे आरसे! एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने या कामाला सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. आम्ही आज बोलणार आहोत ते मात्र नखावर मावणाऱ्या, जेमतेम सहा मिलिमीटर व्यासाच्या भिंगाविषयी. ते प्लॅस्टिकचे आहे, आणि श्रोत्यांपैकी कित्येकांच्या घरी आजीच्या किंवा आजोबांच्या डोळ्यात आज बसलेलेही असेल.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. सुश्रुतसंहितेत त्यावरील शलाकेची क्रिया वर्णिलेली आहे. परंतु भिंग दूर केले तरी किरण एकवटायचे कसे, हा प्रश्न उरतोच. त्यावर जाड भिंगांचा, दहा-बारा नंबरचा चष्मा आला. त्यातून प्रत्येक वस्तू पाव पटीने मोठी दिसे, कडेचे नीट दिसत नसे. आणि चष्मा फुटला की म्हातारा पुन्हा आंधळा.

यावरची तोड युद्धातून निघाली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या छताचे पर्स्पेक्सचे कण शिरले. ते कण डोळ्याने निमूटपणे सोसले, हे डॉ. हॅरल्ड रिडली यांनी हेरले. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग एका रुग्णाच्या डोळ्यात बसवले. मराठवाडा निजामाच्या अमलातून सुटून तेव्हा चौदा महिने झाले होते. डोळ्यातली परकी वस्तू काढायची सोडून हे गृहस्थ ती आत घालतात, म्हणून समव्यवसायी बंधूंनी त्यांच्यावर वर्षानुवर्षे टीका केली. रिडलींनी आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही. सरदारकीचा मान त्यांना मिळाला तो २००० साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी.

पुढे ही विद्या मान्य झाली खरी, पण भिंग परदेशातून यायचे आणि किंमत शंभर डॉलरच्या घरात, कधी त्याहूनही अधिक. परिणाम असा झाला, की पैसेवाल्याच्या डोळ्यात भिंग आणि शिबिरातल्या शेतमजुराच्या नाकावर तोच जाड चष्मा. गरिबाला चष्मा पुरे, असे म्हणणारी जाणती मंडळीही होती. आम्हाला हे मत तेव्हाच्या परिस्थितीत समजू शकते, पटत मात्र नाही.

मदुराईच्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनाही ते पटले नाही. निवृत्तीनंतर १९७६ साली अकरा खाटांवर सुरू केलेले त्यांचे अरविंद नेत्ररुग्णालय; त्याच्याशी जोडलेला ऑरोलॅब हा कारखाना १९९२ साली निघाला. अमेरिकेच्या डेव्हिड ग्रीन यांनी त्याच्या उभारणीस मोठे साहाय्य केले. प्लॅस्टिकच्या चकतीतून लेथवर भिंग कोरायचे, डोळ्यात टेकून राहण्यासाठी त्याला दोन बारीक वळणदार पाय ठेवायचे, काचेच्या बारीक मण्यांबरोबर पिंपात घोळवून त्याला झिलई आणायची, मग तपासून निर्जंतुक करायचे. यात जादू काही नाही. काटेकोरपणा आणि संख्या, एवढेच. भिंग प्रथम दहा डॉलरच्या आसपास आले, नंतर त्याहून पुष्कळ खाली उतरले.

ही किंमत आपोआप घटली नाही, ती ठरवून घटवली गेली. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदूची मोहीम चालली. त्यांत महाराष्ट्र होता. स्वस्त भिंग देशातच मिळू लागल्याने शिबिरातल्या रुग्णालाही ते बसवणे शक्य झाले.

आता घडी घालून सूक्ष्म छेदातून आत सरकवता येणारी मऊ भिंगे आली आहेत. ती महाग, तरी जुन्या कडक भिंगाचे काम संपलेले नाही. हे भिंग बहुधा लांबचे दिसावे असे बेतलेले असते, पोथी वाचायला साधा चष्मा लागतोच. पण नरसीची एखादी आजी ओट्यावर बसून पलीकडच्या बांधावरची आपली म्हैस ओळखते, ती याच भिंगातून.