कादंबरीतली ज्युरी आणि नोंदवहीतली लाल रेघ

पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "कादंबरी इतिहासाचं साधन म्हणून चालते का?" चालते. फक्त तिला कोणता प्रश्न विचारायचा हे आधी ठरवावं लागतं. आज एक उदाहरण घेऊन बघू.

हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल, निदान तिच्यावरचा चित्रपट पाहिला असेल. अमेरिकेच्या दक्षिणेतलं अलाबामा राज्य आणि त्यातलं मेकम हे काल्पनिक गाव. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय माणसावर गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराचा खोटा आरोप येतो. ॲटिकस फिंच हा गोरा वकील त्याची बाजू लढवतो. पुरावा टॉमच्या बाजूने असूनही ज्युरी त्याला दोषी ठरवते. ही हकीकत सांगते ॲटिकसची लहान मुलगी, स्काउट.

माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानातलं. त्यामुळे पहिल्या टिपणात मी सरळ लिहून टाकलं होतं, '१९३०च्या दशकातल्या अलाबामाचं चित्रण.' जणू कादंबरी म्हणजे तापमापक! मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं, "कोणी पाहिलेलं? कधी?" तेव्हा थोडा रागच आला. पण पुढचं सगळं काम त्या दोन प्रश्नांतून उभं राहिलं.

आधी दोन काळ लिहा

कथेचा काळ १९३३ ते १९३५. प्रकाशनाचं वर्ष १९६०. ली यांचा जन्म १९२६चा, म्हणजे कथा घडते तेव्हा त्या जवळपास स्काउटच्याच वयाच्या होत्या. पण पुस्तक लिहिलं गेलं ते १९५०च्या दशकात. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य ठरवला. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि फक्त गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने आरोपींना निर्दोष सोडलं. म्हणजे ज्युरीत कोण बसतं, हा प्रश्न पुस्तक लिहिलं जात असतानाही धगधगत होता.

मग पुस्तकाबाहेरची नोंद शोधा

२५ मार्च १९३१ रोजी अलाबामात मालगाडीतून जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय मुलांना पकडलं. दोन गोऱ्या स्त्रियांनी त्यांच्यावर बलात्काराचा आरोप केला. एप्रिलमध्ये स्कॉट्सबरो गावात अवघ्या काही दिवसांत खटले उरकले आणि नऊपैकी आठ जणांना मृत्युदंड सुनावला. दोघींपैकी एकीने १९३३ साली कोर्टात साक्ष फिरवली, बलात्कार झालाच नाही असं सांगितलं. तरीही शिक्षा होतच राहिल्या.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात दोनदा गाजलं. दुसऱ्या वेळी मुद्दा होता ज्युरीचा. त्या काउंटीत कृष्णवर्णीयांना ज्युरीवर घेतच नाहीत, असं बचाव पक्षाचं म्हणणं. त्यावर ज्युरीच्या नोंदवहीत काही कृष्णवर्णीय नावं दाखवण्यात आली. पण तपासणीत दिसलं की वहीत आधी लाल रेघा मारल्या होत्या आणि ही नावं त्या रेघांवर लिहिली होती. म्हणजे मागाहून घुसडलेली! न्यायमूर्तींनी ती वही भिंगातून पाहिली. १ एप्रिल १९३५ रोजी न्यायालयाने 'नॉरिस विरुद्ध अलाबामा' या खटल्यात आरोपीच्या बाजूने निकाल दिला.

प्रयोगशाळेत वाढलेल्या मला ही लाल रेघ फार आवडते. शाईच्या दोन थरांतला कोणता आधीचा, एवढ्यावर एका माणसाचा जीव टांगलेला होता.

आता पुस्तकाकडे परत या

टॉमचा खटला उभा राहतो १९३५च्या उन्हाळ्यात, म्हणजे या निकालानंतर काही महिन्यांतच. निकालानंतर ॲटिकसचा मुलगा जेम वडिलांना ज्युरीबद्दल विचारतो. त्याला खटकतं ते हे, की आपल्यासारखी किंवा शेजारच्या मिस मॉडीसारखी गावातली माणसं ज्युरीत का नसतात? ॲटिकस सांगतो, मिस मॉडी बाई आहे म्हणून तिला बसता येत नाही. (हे खरं आहे. अलाबामात स्त्रियांवरची ही बंदी १९६६ साली न्यायालयाने रद्द केली.) गावातले लोक ज्युरीचं काम कसं टाळतात, तेही तो सांगतो. पण टॉमच्या समाजातलं कोणीच तिथे का नव्हतं, हा प्रश्न जेम विचारत नाही आणि ॲटिकसही काढत नाही.

पुस्तकाला त्या न्यायालयाची खबर नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. त्याच न्यायालयाने मे १९३५मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा औद्योगिक पुनरुज्जीवनाचा कायदा मोडीत काढला, आणि त्याचा उल्लेख कादंबरीत पुढे येतो. एका निकालाची आठवण आहे. अलाबामातूनच गेलेल्या दुसऱ्याची नाही.

इथे घाई करू नका

लेखिकेला माहीत नव्हतं, किंवा तिने मुद्दाम लपवलं, असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. एवढ्या पुराव्यावर दोन्ही सिद्ध होत नाही. गोष्ट सांगणारी एक गोरी मुलगी आहे. तिच्या जगात ज्युरी गोरीच असते, त्यामुळे ते दिसतच नाही. नजरेत भरते ती मिस मॉडीची गैरहजेरी. शिवाय निकाल लागला म्हणून दुसऱ्या दिवसापासून गावोगावच्या ज्युरी बदलल्या नाहीत, हे वीस वर्षांनी टिलच्या खटल्यात दिसलंच. मला इतकंच म्हणता येतं: अन्यायाची मनापासून चीड असलेल्या घरातही कोणता प्रश्न सुचत नव्हता, याचा हे पुस्तक साक्षीदार आहे. आणि टॉमच्या घरात तो प्रश्न सुचला असेल का, हे पुस्तकातून कळणार नाही, कारण त्या घरातून गोष्ट सांगितलेलीच नाही.

तुमच्या विषयातली एखादी कादंबरी घ्या. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे त्या काळातल्या पक्क्या नोंदी लिहा, उजवीकडे पुस्तकातले उल्लेख. डावीकडे मजकूर असून उजवी बाजू जिथे कोरी राहील, तिथे थांबा. संशोधनाचा प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.