दिनविशेष, १२ ऑगस्ट : ग्रंथपाल दिन
भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) यांची आज जयंती. मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनला शिकायला गेले असता एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे मुलांचे खेळणे पाहिले. पट्ट्या नि स्क्रू तेच, जोडणी मात्र दरवेळी निराळी! त्यातूनच ग्रंथांची विषयवार मांडणी करण्याची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत सुचली. शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवर १९४२ मध्ये त्यांचा स्वतंत्र ग्रंथ आला. पुस्तके कुलूपबंद ठेवू नयेत, हा त्यांचा आग्रह आपल्या उंब्रजच्या शाळांनाही तितकाच लागू. दाखल नोंदवहीत पुस्तक चढले, शिक्का बसला, की ते मुलांच्या हाती पडलेच पाहिजे. फाटेल म्हणून अडवू नये. फाटले तर डिंकाने चिकटवता येते.