पाठुंगळी

चोपत्याहून तुंगनाथाला जाणारी वाट फार लांब नाही. साडेतीन-चार किलोमीटर, दगडी फरसबंद, पण सतत चढ. मंदिर ३,६०० मीटरच्या वर आहे. ऑक्टोबरचे दिवस होते. माझ्या पाठीवर अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीची, कमरपट्ट्याची, वर छोटं छत असलेली पिशवी होती आणि तिच्यात सोळा महिन्यांची मुलगी. पिशवीचं वजन तीन किलो, मुलगी दहाची, शिवाय लंगोट, पाणी, बिस्किटं. मी घामाघूम झाले होते. अंगातलं जाकीट काढून कमरेला बांधलं होतं. पोरगी बराच वेळ गप्प होती. झोपली असणार, असं म्हणून मी देवाचे आभार मानले आणि पाय उचलले.

वरून एक कंडीवाला उतरत होता. पाठीवर वेताची कंडी, कंडीचा पट्टा कपाळावर, कंडीत पाठमोऱ्या बसलेल्या एक आजी. शेजारून जाताना त्यानं माझ्या पोरीकडे पाहिलं, हातातली काठी मागे लावून कंडी तिच्यावर टेकवली आणि म्हणाला, "दीदी, बच्ची सोई नहीं है, ठंडी पड़ रही है." मी पिशवी उतरवली. पोरीचे डोळे अर्धे उघडे होते आणि पावलं दगडासारखी थंड. त्यानं आजींना बाजूच्या कठड्यावर बसवलं, पोरीचे बूट-मोजे काढले आणि दोन्ही पावलं आपल्या तळहातांत धरून चोळत बसला. चांगली दहा मिनिटं. मग पोरगी रडायला लागली, तेव्हा तो हसला. "अब ठीक है."

यात गूढ काही नाही. चालणाऱ्याचं शरीर भरपूर ऊब तयार करतं, बसलेल्याचं तेवढी करत नाही. चढावर आईला उकडतं म्हणून ती मुलाचेही कपडे कमी करते. मुलाचे पाय लोंबकळत असतात, मांडीखालचा पट्टा दाबत असतो आणि दीड वर्षाच्या मुलाला 'मला थंडी वाजते' हे वाक्य येत नसतं. डोकं दुखतं, हेही सांगता येत नाही. म्हणूनच उंचीवरची विरळ हवा मोठ्यांपेक्षा लहानांच्या बाबतीत जास्त फसवी. त्या दिवशी आम्ही मंदिरापर्यंत गेलो नाही. तिथूनच परतलो.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. त्याच सुमारास मी प्रवासवर्णनांच्या एका संकलनासाठी अमेरिकेतल्या लुईस आणि क्लार्क मोहिमेच्या रोजनिशीतली काही पानं मराठीत आणत होते आणि त्या पानांमध्ये पाठीवर मूल घेऊन डोंगर ओलांडणारी एक बाई होती. सकागाविया. तिच्या नावाचा उच्चार काय, यावर तिकडे अजून वाद आहेत. हिदात्सा भाषेतून आलेलं 'पक्षीण' हा अर्थ सांगणारं नाव मानलं, तर मधला 'ग' कठोर. मी तो पक्ष घेतला आहे.

ती जन्मानं शोशोनी. लहानपणी हिदात्सांच्या टोळीनं तिला पळवून नेलं. पुढे तूसां शार्बोनो नावाच्या फ्रेंच-कॅनडियन व्यापाऱ्याची ती बायको झाली. मोहिमेनं १८०४-०५ चा हिवाळा आजच्या नॉर्थ डकोटात, मँडन लोकांच्या वस्तीजवळच्या किल्ल्यात काढला. तिथे ११ फेब्रुवारी १८०५ रोजी तिला मुलगा झाला, त्याचं नाव जाँ बाप्तीस्त. ७ एप्रिलला मोहीम मिसूरीच्या वरच्या अंगाला निघाली तेव्हा मूल पंचावन्न दिवसांचं होतं. ते परत त्याच वस्तीपाशी आलं ऑगस्ट १८०६ मध्ये, दीड वर्षाचं होऊन. म्हणजे आपल्याकडे ज्या वयात बाळाला बाराव्या दिवशी पाळण्यात घालतात, मग सव्वा महिन्यानंतर देवदर्शनाला नेतात, अन्न चाटवतात, जावळ काढतात, त्या वयाचा सगळा काळ ते मूल पाठीवर होतं. सप्टेंबर १८०५ मध्ये रॉकी पर्वतातल्या बिटररूट रांगा ओलांडताना बर्फ पडलं, शिकार मिळेना, माणसांनी शिंगरं मारून खाल्ली. मूल तेव्हा सात महिन्यांचं. त्या दिवसांच्या नोंदींमध्ये घोडे आहेत, बर्फाची खोली आहे, भूक आहे. मुलाबद्दल जवळजवळ काहीच नाही.

ते कशात बसलं होतं, हेही नाही. एक अपवाद सोडून.

२९ जून १८०५. मिसूरीच्या मोठ्या धबधब्यांजवळ क्लार्क, शार्बोनो, सकागाविया आणि मूल असे चौघे चालले होते. आभाळ भरून आलं म्हणून एका कोरड्या घळीत, खडकाच्या कपारीखाली ते थांबले. वरच्या अंगाला गारा आणि पाऊस इतका कोसळला की घळीतून एकदम लोंढा आला. बाईनं मूल उचललं, क्लार्कनं तिला खालून ढकललं, नवऱ्यानं वरून ओढलं आणि माणसं वाचली. सामान गेलं. क्लार्कचं होकायंत्र गेलं, ते दुसऱ्या दिवशी गाळात सापडलं. मुलाचे सगळे कपडे गेले. आणि आई मुलाला ज्यात घेऊन जात असे, ती वस्तूही गेली. त्या वस्तूसाठी इंग्रजी रोजनिशीत शब्द आहे 'बिअर'.

पेयाशी त्याचा संबंध नाही, स्पेलिंग निराळं. शब्दकोशात पाहिलं तर अर्थ मिळतो तिरडी. प्रेत नेण्याची. तिरडी असणार नाही, एवढं मला कळत होतं. क्लार्कचं स्पेलिंग तर प्रसिद्धच आहे. 'डास' हा एकच शब्द त्यानं इतक्या तऱ्हांनी लिहिला आहे की त्याची वेगळी यादी करावी. मग मी चित्रांकडे वळले. शाळांच्या भिंतींवर, टपाल तिकिटांवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर सकागावियाच्या पाठीवर बहुधा लाकडी फळीचा पाळणा दिसतो. अनेक मूळ अमेरिकी समाजांमध्ये बाळाला फळीवर गुंडाळून बांधण्याची पद्धत आहेच. मी लिहिलं, 'पाळणा'. वाक्य छान बसलं. पाळणा वाहून गेला, बाळ राहिलं. मराठी कानाला यापेक्षा आणखी काय हवं? पुस्तक छापून आलं.

नंतर गॅरी मोल्टन यांनी संपादित केलेल्या, नेब्रास्का विद्यापीठानं १९८३ ते २००१ या काळात काढलेल्या तेरा खंडांच्या आवृत्तीत मी शिरले. हे आधी करायला हवं होतं. तिथे उलगडा होतो की रोजनिशीत 'बिअर' हा शब्द इतरत्रही येतो, आणि येतो तो डासांच्या संदर्भात. मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या फ्रेंचमधून आलेला शब्द. अर्थ मच्छरदाणी. जून महिना, नदीचा काठ, आणि त्या प्रदेशात डास किती, हे त्याच रोजनिशीत पानोपानी. आईनं मुलाला मच्छरदाणीच्या कापडात घेतलं होतं.

फळी नाही, कापड. बिस्मार्क शहरात १९१० साली उभारलेल्या पुतळ्यात मूल पाठीशी शालीनं बांधलेलं आहे, आणि २००० साली निघालेल्या डॉलरच्या नाण्यावरही ते कापडातच आहे. म्हणजे शिल्पकार आणि टांकसाळ बरोबर, आणि भाषांतरकार चुकलेली. काखेत कळसा नि गावाला वळसा.

पण त्या नोंदीतलं पुढचं वाक्य मला जास्त छळतं. क्लार्क सगळ्यांना घाईनं तळाकडे नेतो. कारण मूल उघडं आहे, थंडगार पडलं आहे आणि आई नुकतीच मोठ्या आजारातून उठली आहे. कोरडे कपडे मिळेपर्यंत त्याला मुलाच्या जिवाची धास्ती आहे. तुंगनाथच्या वाटेवर कुणाच्या तरी तळहातांत मुलीची पावलं पाहिल्यावर मी ते वाक्य पुन्हा भाषांतरित केलं. आधीचं व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं आणि त्यात अजिबात थंडी नव्हती.

सकागावियाला पुतळ्यांमध्ये वाटाडी करून टाकलं आहे. खरं तर वाट दाखवणं तिनं थोड्याच ठिकाणी केलं. तिचं नेमलेलं काम दुभाषेपणाचं. आमच्या धंद्यातली बाई. कप्तान इंग्रजीत बोलत, लाबीश नावाचा माणूस ते फ्रेंचमध्ये सांगे, शार्बोनो फ्रेंचमधून हिदात्सात आणि सकागाविया हिदात्सातून शोशोनीत. मे १८०६ मध्ये नेझ पर्स लोकांशी बैठक झाली तेव्हा साखळीला आणखी एक कडी जोडावी लागली. त्यांच्याकडे कैदेत असलेला एक शोशोनी माणूस पुढे त्यांच्या भाषेत सांगे. पाच भाषा, आणि परत येताना पुन्हा पाच. त्याच महिन्यात मूल आजारी पडलं, दात येत होते आणि मानेवर मोठी सूज. कप्तानांनी उकडलेल्या कांद्याचं पोटीस बांधलं. पाच भाषांच्या बैठकीत आजारी मूल मांडीवर घेऊन बसलेल्या बाईची जी अवस्था होत असेल, ती घरून काम करणाऱ्या कुठल्याही भाषांतरकार आईला समजावून सांगण्याची गरज नाही. मोहीम संपल्यावर शार्बोनोला ५०० डॉलरांच्या थोडे वर मिळाले. तिला काही नाही.

मूल मात्र भाषांमध्येच वाढलं. क्लार्कनं त्याला सेंट लुईसमध्ये शिकवलं. १८२३ मध्ये व्युर्टेम्बर्गचा राजपुत्र पाउल विल्हेल्म त्या मुलखात भटकत आला, त्यानं या तरुणाला युरोपात नेलं. सहा वर्षं तिथे राहून तो परतला आणि पुढचं आयुष्य त्यानं डोंगरांमध्ये वाटाड्या आणि दुभाषा म्हणून काढलं. १८६६ मध्ये ओरेगनमध्ये वारला. येलोस्टोन नदीकाठी एका खडकाला क्लार्कनं त्याच्या लाडक्या नावावरून, 'पॉम्प'वरून, नाव दिलं होतं. ते अजून आहे.

शब्दांचं आणखी एक. इंग्लंडात मुलाला पाठीवर न्यायच्या पिशवीला बरीच वर्षं 'पपूस' म्हणत. न्यू इंग्लंडमधल्या नॅरागॅन्सेट भाषेतला हा शब्द. रॉजर विल्यम्सनं १६४३ च्या आपल्या पुस्तकात तो नोंदवला आहे, अर्थ नुसता 'मूल'. पुढे गोऱ्यांच्या तोंडी तो कुठल्याही मूळ अमेरिकी मुलाला हिणवून लावायचा शब्द झाला आणि मग दुकानातल्या पिशवीचं नाव. मूल गळून पडलं, पिशवी राहिली. मिसूरीकाठच्या पुरात झालं त्याच्या अगदी उलट. आल्प्सकडे वेगळी गंमत आहे. 'क्राक्से' म्हणजे फेरीवाले पाठीवर माल न्यायचे ती लाकडी चौकट. आता ऑस्ट्रियात डोंगरावर पोरं नेणारे आईबाप आपल्या महागड्या पिशवीला तोच शब्द वापरतात.

ही महागडी पिशवी दोन ठिकाणांहून आली, आणि दोन्ही वाटा कोलोरॅडोत मिळतात. गेरी कनिंगहॅम हा दुसऱ्या महायुद्धात डोंगरी तुकडीत असलेला माणूस. त्यानं १९४६ मध्ये गिर्यारोहणाच्या सामानाचा उद्योग काढला, आणि त्याच्या कारखान्यातून चौकटीची, मुलाला बसवायची पिशवी बाजारात आली. सैनिकाच्या पाठपिशवीचीच ती धाकटी बहीण. दुसरीकडे अ‍ॅन मूर ही परिचारिका १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला टोगोत काम करून आली. तिथल्या आया मुलाला एका कापडानं पाठीशी बांधून दिवसभर वावरत. तिनं तसं करून पाहिलं, मूल घसरू लागलं. मग तिच्या आईनं पट्टे आणि पायांसाठी भोकं शिवून दिली. 'स्नगली'. १९६९ मध्ये पेटंट. १९८५ मध्ये ही कंपनी विकली गेली ती गेरीच्या नावाच्याच बालसामानाच्या कंपनीला. टोगोतल्या आयांनी पेटंट घेतलं नव्हतं. कापडाला पेटंट कसलं घ्यायचं?

मराठीत या साऱ्याला शब्द आहेत, वस्तू नाही. कडेवर, खांद्यावर, पाठुंगळी, झोळीत. पाठुंगळी हा माझा आवडता शब्द, पण तो खेळातला. गंभीर प्रसंगी आपल्याकडे मूल पाठीला एकदाच बांधलं जातं, तेही झाशीत, घोड्यावर. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्ये ते आहे, आणि अमृतलाल नागरांच्या हिंदीमुळे ते मराठीबाहेरही पोचलं. दामोदरराव तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता. पुतळ्यांमध्ये तो दरवर्षी लहान होत चालला आहे.

आणि डोंगराची गोष्ट म्हणाल, तर आपली हिरकणी. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागिरीची संध्याकाळ, बंद झालेले दरवाजे, आणि घरी ठेवलेल्या तान्ह्यासाठी कडा उतरून जाणं. लोककथा आहे, बुरूज खरा आहे. शाळेत आम्हाला विचारायचे, ती उतरली कशी? मूल घरी का होतं, हे कुणी विचारलं नाही. ज्या बाईला ओझं घेऊन गड चढायचा आहे, तिनं मूल कुठे बांधायचं? गडावर जाणारा माल दूध होता, मूल नव्हतं.

तुंगनाथच्या कंडीवाल्याला मी त्याच्या मुलांबद्दल विचारलं होतं. नेपाळातून येणाऱ्या अनेकांपैकी तो एक. दोन मुलगे, गावी. यात्रेचा हंगाम संपल्यावर भेट. मुलगे लहान असताना डोक्यात घेतलं का कधी कंडीत, असं मी माझ्या मोडक्या हिंदीत काहीतरी विचारलं. त्यानं आधी माझं वाक्य दुरुस्त केलं. मग म्हणाला, कंडीत सवारी असते. आजींना थंडी वाजायला लागली होती, त्यांनी दोनदा हाक मारली. त्यानं पट्टा कपाळावर चढवला आणि उठला. मी पैसे पुढे केले, ते त्यानं घेतले नाहीत.

'पाळणा' दुरुस्त करून मी प्रकाशकांना पत्र पाठवलं. दुसऱ्या आवृत्तीत बदलू, असं त्यांनी कळवलं. दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही.