एक घर, तीन जिल्हे

माझे आजोबा बीदर जिल्ह्यात जन्मले, वडील उस्मानाबाद जिल्ह्यात आणि मी लातूर जिल्ह्यात. तिघंही उदगीर तालुक्यातल्या एकाच गावात, एकाच माळवदाच्या घरात! घर जागचं हललं नाही, जिल्हेच बदलत राहिले.

झालं असं की उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि ते मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आले. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला. उस्मानाबादचं नावही २०२३ मध्ये धाराशिव झालं. नांदेडकरांची कथा वेगळी नाही. किनवट आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडला आलं, तर मुधोळ, भैंसा, बिचकुंदा, जुक्कल हा भाग नांदेडमधून आंध्रात गेला. आज तो तेलंगणात आहे.

ही भूगोलाची उजळणी कशाला? तर मंडळी, मराठवाड्यात वंशावळ शोधायला बसलं की पहिला प्रश्न 'पूर्वज कोण' हा नसतो, 'कागद कुठे' हा असतो.

अमेरिकेत हा छंद फार जोरात आहे. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून १०२ प्रवासी तिकडे गेले. त्यांच्यापैकी कोणाशी आपलं नातं लागतं का, हे आजही लोक हौसेने शोधतात. त्यांनाही जिल्ह्यांचा घोळ चुकलेला नाही. केंटकी हे १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होतं, त्यामुळे तिकडे सरकलेल्या पहिल्या वसाहतवाल्यांचे कागद व्हर्जिनियाच्या दप्तरात बघावे लागतात. पण त्यांच्या हाताशी एक जबरदस्त डेटाबेस आहे, तो म्हणजे जनगणना. १७९० पासून दर दहा वर्षांनी ती होते आणि ७२ वर्षांनी नावानिशी कागद सगळ्यांना खुले होतात. १९५० सालचे कागद एप्रिल २०२२ मध्ये खुले झाले. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने वैयक्तिक नोंदी गोपनीय आहेत. तो रस्ता बंद.

मग आपल्याकडे काय उरतं? एक म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, हरिद्वार अशा ठिकाणी गेलेल्या यजमानाचं नाव, गाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव त्या नामावळीत लिहिलेलं असतं. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी बरोबर ती वही काढतात. इंडेक्सिंग कशाला म्हणतात ते तिथे जाऊन बघावं! हरिद्वारच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म तर अमेरिकेतल्या यूटाच्या जिनिऑलॉजिकल सोसायटीने करून ठेवल्या आहेत.

दुसरं म्हणजे जमिनीचे कागद. १९५४-५५ चं खासरा पत्रक हा आपल्याकडचा मोठा आधार. त्याच्या मागे गेलात की मोडी आणि उर्दू, आणखी मागे फारसी. शिवाय तारखा फसली सनात. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण हे वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. म्हणजे १३३६ फसली हे १९२६-२७. महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन अशी. तारखांच्या फॉरमॅटवरून टीममध्ये भांडणाऱ्यांनी एकदा निजामाचं दप्तर बघावं :)

तिसरा धागा आडनावाचा. देगलूरकर हे आडनाव देगलुरात राहून मिळत नाही. अख्खं गावच देगलूरकर असताना एकालाच तसं कोण म्हणेल? देगलूर सोडून दुसरीकडे गेलं की तिथले लोक ते नाव देतात. कंधारकर, औसेकर, उदगीरकर ही आडनावं म्हणजे कोणीतरी केव्हातरी गाव सोडल्याची खूण. 'आम्ही पिढ्यानपिढ्या इथलेच' असं म्हणणाऱ्याच्या आडनावातच कधी कधी उलटा पुरावा असतो.

काही स्थलांतरांना तारीख आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला आले आणि तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांच्यासोबतचे काही शीख गोदाकाठीच राहिले. पुढे १८३२ च्या सुमारास महाराजा रणजितसिंगांकडून निजामाच्या चाकरीत फौज आली, तिच्यातली कुटुंबंही दक्षिणेत स्थिरावली. त्यांचे वंशज, म्हणजे दखनी शीख, आज फर्डं मराठी बोलतात. आपल्याकडची मेफ्लॉवर म्हणायची तर हीच.

काही स्थलांतरं मात्र कोणी हौसेने आठवत नाही. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने सरहद्दीवरची कितीतरी घरं रातोरात बार्शी, सोलापूर, उमरखेडकडे निघून गेली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर पाळी मुसलमान कुटुंबांवर आली. सुंदरलाल समितीने संपूर्ण हैदराबाद राज्यात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही नावं लिहिली. जीव मुठीत धरून पळणारा माणूस सोबत कागद नेत नाही. त्यामुळे दोन्हीकडच्या कित्येक वंशावळी त्या वर्षापाशी तुटतात.

आणि आता तर हा छंद राहिलेलाच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि गावोगाव कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय आला. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. पणजोबाच्या नावापुढच्या एका शब्दावर नातवंडांचे प्रवेश आणि नोकऱ्या अवलंबून आहेत. आरक्षणावर तुमचं-माझं मत काहीही असो, मला यातली दुसरीच गोष्ट खटकते.

जमिनीच्या कागदावर नाव येतं ते जमीन असणाऱ्याचं. ज्याला जमीनच नव्हती त्याचा पणजोबा या दप्तरात सापडणार कसा? अमेरिकेत १८५० च्या जनगणनेत गुलामांची नावंच लिहिली नव्हती. मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण. त्यामुळे बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबांचा माग १८७० पाशी येऊन अडतो. आपल्या गावकुसाबाहेरच्या घरांची गत फार निराळी नाही.

आणि बायका? मराठवाड्यातलं सगळ्यात मोठं स्थलांतर लग्नाचं आहे. प्रत्येक पिढीत प्रत्येक घरातली मुलगी गाव सोडून गेली, तिचं आडनाव बदललं, बऱ्याच घरांत पहिलं नावही बदललं. जातपडताळणीची वंशावळ वडिलांकडूनच वर चढते. माझ्याकडे बापाकडून सात पिढ्यांची नावं आहेत. पण पणजीचं माहेर कुठलं, हे ना नामावळीत आहे ना खासऱ्यात. ते फक्त माझ्या एका चुलत आजीला माहीत होतं. गाव भालकीजवळचं, म्हणजे आता कर्नाटकातलं. आजीची मायबोली कन्नड होती म्हणे. म्हणजे ज्या घराला आम्ही अस्सल मराठी म्हणतो, त्यात चार पिढ्यांमागे पाळण्याशी कन्नड अंगाई चालत होती.

तेव्हा पुढच्या वेळी गावी गेलात की तलाठ्याकडे जाण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा. तिचं लग्नाआधीचं नाव, तिचं माहेर, तिच्या आईचं माहेर, आणि लग्नानंतर ती इथवर कशाने आली, एवढं विचारा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. खासरा पत्रक काय, पुढच्या वर्षीही कचेरीत सापडेल.