तांबड्या मातीपासून बॅटरीच्या विजारीपर्यंत

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला गरम कपड्यांचे फारसे अप्रूप नसते. डिसेंबर-जानेवारीत चार दिवस पहाटे स्वेटर बाहेर निघतो आणि संक्रांत उलटली की डांबरगोळ्यांबरोबर पुन्हा कपाटात जातो. उरलेले वर्ष घाम पुसण्यात जाते. अशा गावांत बसून, व्यायामापूर्वी मांड्यांचे स्नायू तापवणाऱ्या बॅटरीच्या विजारीवर लेख लिहिणे अनेकांना चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्याकडच्या तालमी आणि व्यायामशाळांच्या रीतीभाती जमवताना मी या विजारीपर्यंत येऊन पोहोचलो, आणि माझी खात्री झाली की तिने सोडवलेला प्रश्न थंड देशांपुरता नाही. तो प्रश्न थंडीचा कमी आणि ताटकळण्याचा अधिक आहे.

आधी ही विजार काय आहे ते पाहू. 2012च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचे सायकलपटू बंदिस्त धावपट्टीवरच्या शर्यतींपूर्वी एक वेगळी विजार घालून बसत. आदिदास कंपनी आणि लफबरो विद्यापीठातील संशोधक यांनी मिळून ती घडवली होती. मांडीच्या मोठ्या स्नायूंवर येईल अशा जागी कापडात तापणारे धागे बसवलेले आणि त्यांना वीज पुरवायला छोटी बॅटरी, एवढीच तिची रचना. अंग तापवण्याचा व्यायाम झाला की खेळाडू ती चढवीत आणि शर्यतीला बोलावणे आले की उतरवीत. त्या वर्षी धावपट्टीवरच्या दहापैकी सात सुवर्णपदके ब्रिटनने जिंकली. हे यश विजारीचे होते असे कोणी म्हणू नये; त्यामागे अनेक वर्षांचा सराव, पैसा आणि काटेकोर नियोजन होते. पण त्या नियोजनात मांडीच्या तापमानालाही जागा होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

विजारीमागचा प्रयोग 2013 साली प्रसिद्ध झाला. अकरा सायकलपटूंनी पंधरा मिनिटे अंग तापवले, मग अर्धा तास ते बसून राहिले आणि नंतर तीस सेकंद जिवाच्या आकांताने सायकल मारली. मधल्या अर्ध्या तासात एकदा साधी ट्रॅकपँट, एकदा ऊब धरून ठेवणारी जाड विजार आणि एकदा विजेवर तापणारी विजार, असे तीन प्रकार करून पाहिले. तापणारी विजार घातली तेव्हा साध्या पँटपेक्षा सर्वोच्च ताकद सुमारे नऊ टक्क्यांनी जास्त भरली. त्याच वर्षीचा त्याच संशोधकांचा दुसरा निष्कर्ष मला अधिक बोलका वाटतो. अंग तापवण्याचा व्यायाम चालू असतानाही विजार तापती ठेवली, तर त्याने वेगळा काही लाभ झाला नाही. लाभ झाला तो नंतरच्या बसून राहण्याच्या काळात. म्हणजे व्यायामाची जागा विजार घेत नाही. व्यायामाने मिळवलेली ऊब ती राखते, इतकेच.

हे असे का होते, याचा शोध बराच जुना आहे. स्नायू आकसताना उष्णता कशी निर्माण होते यावरील कामासाठी ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञाला 1922चे नोबेल पारितोषिक मिळाले. 1945 साली डेन्मार्कच्या अस्मुसेन आणि बोये यांनी दाखवले की शरीर व्यायामाने तापवा किंवा बाहेरून ऊब देऊन तापवा, सायकल मारण्याची ताकद दोन्ही प्रकारांनी वाढते. 1987मध्ये सार्जंट यांनी माणसांचे पाय 44 अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवले आणि मग सायकल मारायला लावली. ताकद सुमारे 11 टक्क्यांनी वाढली. गार पाण्यात पाय ठेवल्यावर ती घटली. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मांडीचा स्नायू साधारण 35 अंशांच्या आसपास, म्हणजे शरीराच्या गाभ्यापेक्षा थंड असतो. व्यायाम सुरू होताच पहिल्या तीन-पाच मिनिटांत त्याचे तापमान झपाट्याने चढते आणि दहा ते वीस मिनिटांत स्थिरावते. थांबले की ते उतरू लागते. घामाने भिजलेल्या अंगावर वारा लागला, तर आणखी वेगाने उतरते.

‘44 अंशांचे पाणी’ हे शब्द वाचताना ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला वज्रेश्वरी आठवल्यावाचून राहत नाही. वसईच्या मोहिमेआधी चिमाजीअप्पांनी देवीला नवस केला आणि 1739च्या विजयानंतर तिथले मंदिर उभे राहिले. तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथे उन्हाळी म्हणजे गरम पाण्याची कुंडे आहेत. सांधे धरलेली, कंबर आखडलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाऊन बसत आली. बाहेरून दिलेली ऊब स्नायूला सैल करते, हे ज्ञान आपल्या दारातच होते. घरोघरीही ते होते: तव्यावर गरम केलेले फडके, पुरचुंडीत बांधलेली वाळू किंवा मीठ, पुढे रबरी पिशवी. मात्र हा सगळा शेक दुखण्यानंतरचा. खेळायच्या आधी द्यायची ऊब ही वेगळी गोष्ट, आणि ती शोधायला तालमीत जावे लागते.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा क्रम सांगितला आहे: आधी अभ्यंग, मग व्यायाम, मग उटणे आणि स्नान. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा आणि तोही ऋतू पाहून, अशी त्याला मर्यादाही घातली आहे. तेलाने चोळून मगच अंगाला कष्ट द्यायचे, हा क्रम तालमीने आपल्या परीने पाळला. पण तालमीची खरी हुशारी मला दिसते ती तिच्या कामाच्या वाटणीत. हौद्यात उतरल्यावर पहिले काम कुस्तीचे नसते, माती उकरण्याचे असते. फावड्याने हौदा खालीवर करताना खांदे, पाठ, कंबर, मांड्या सगळेच कामाला लागते. मग जोर, बैठका. मग हलकी पकड. लढत सर्वांत शेवटी. तेल, ताक, हळद, कापूर घालून मळलेली तांबडी माती मऊ राहावी म्हणून ती रोज उकरावी लागते; म्हणजे जागा तयार करणे आणि अंग तयार करणे ही दोन कामे एकाच घामात उरकतात.

दुसरी गोष्ट मातीची. घामेजलेल्या अंगावर पैलवान माती चोळतात. पकड सुटू नये म्हणून ती लागतेच, पण घाम टिपला गेल्यामुळे वाऱ्याने अंग एकदम गारठतही नाही. तिसरी गोष्ट शड्डूची. मैदानात फेरी मारताना पैलवान मांडीवर थाप मारतो ती प्रतिस्पर्ध्याला आव्हान म्हणून. ते आव्हान देताना तो चालत असतो, वाकत असतो, हातपाय हलवत असतो. बाकावर बसून राहिलेला नसतो. तालमीत रिकामे बसणे वस्तादाला खपत नाही. ज्याची लढत चालू नाही त्याने बैठका माराव्यात, नाहीतर दुसऱ्याचे अंग रगडावे. लफबरोच्या प्रयोगातला तो अर्धा तास तालमीने असा उरूच दिला नव्हता.

मग तो अर्धा तास आला कुठून? माझ्या मते तो आधुनिक स्पर्धेबरोबर आला. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध केला, तो काळ देशी आणि विलायती व्यायाम शेजारीशेजारी उभे राहण्याचा होता. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला आणि 1938मध्ये त्यांचे त्यावरचे इंग्रजी पुस्तक निघाले. याच दशकांत शाळा-कॉलेजांतून गट, फेऱ्या, वेळापत्रक, पंच, नाव पुकारणे ही सारी व्यवस्था रुजली. तिने खेळ नेटका केला, नियम सर्वांना सारखे केले. परंतु अंग तापवणे एका जागी आणि लढणे दुसऱ्या जागी, अशी फाळणीही तिनेच केली. या दोहोंच्या मधला वेळ कोणाचाच राहिला नाही.

ती पोकळी भरायला कपडा पुढे आला, आणि विजेचा कपडा खेळाकडे आला तो युद्धाच्या वाटेने. पहिल्या महायुद्धात उघड्या विमानांतून उंचावर जाणाऱ्या वैमानिकांची बोटे गोठत; त्यांच्यासाठी विजेवर तापणारे पोशाख निघाले. दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानांच्या सैनिकांना असे पोशाख मोठ्या प्रमाणावर दिले गेले. त्यांची दोरी विमानाच्या विजेला जोडलेली असे. माणूस जागेवरून उठला की ऊब तुटली. 1991 साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि ही दोरी सुटण्याचा मार्ग मोकळा झाला. मोबाइलबरोबर ती बॅटरी हलकी आणि स्वस्त होत गेली. आज 7.4 व्होल्ट आणि 5 अँपिअर-तासांची बॅटरी खिशात मावते. बारा वॉट ओढणारी विजार तिच्यावर सुमारे तीन तास चालेल. लंडनची विजार ही या साखळीतली एक कडी.

ठाण्याचा या उबेच्या व्यापाराशी जुना संबंध आहे. 1925 साली ठाण्यात लोकरीची गिरणी निघाली, तीच पुढे रेमंड म्हणून देशभर गाजली. 1944मध्ये कैलाशपत सिंघानिया यांच्याकडे ती आली तेव्हा तिथे मुख्यतः जाडीभरडी घोंगडी निघत. ज्या गावाला स्वेटर चार दिवस लागतो, त्या गावाने दुसऱ्यांच्या थंडीसाठी लोकर विणली. आज त्या जागेवर टोलेजंग इमारती आहेत. लोकर अंगची ऊब राखते, नवी निर्माण करीत नाही. लफबरोच्या प्रयोगातली जाड विजार तिच्याच जातीची, आणि निव्वळ जाडी पुरेशी ठरली नाही म्हणून तर विजेची गरज भासली.

आता मूळ प्रश्नाकडे येतो: आपल्या उकाड्यात हे सारे कशाला हवे? लांब पल्ल्याच्या धावण्याला तर ते नकोच. तिथे शरीर आधीच तापलेले असणे घातक. 1996च्या अटलांटा ऑलिंपिकसाठी ऑस्ट्रेलियाच्या नौकानयनपटूंनी बर्फाची जाकिटे वापरली ती याच कारणाने. ठाण्यात ऑक्टोबर किंवा मे महिन्यात दहा किलोमीटर धावणाऱ्याने ऊब नव्हे, सावली शोधावी. पण शंभर मीटर, लांब उडी, कबड्डीतली पहिली चढाई, मल्लखांबावरची पहिली उडी, पोहण्यातले पन्नास मीटर यांचे गणित वेगळे. तिथे सगळा खेळ काही सेकंदांत आटोपतो आणि तो स्नायूच्या तापमानावर बराच अवलंबून असतो.

आणि ताटकळण्याच्या बाबतीत आमचा परिसर कोणाला हार जाणार नाही. 1853 साली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंत आणि पुढल्याच वर्षी कल्याणपर्यंत आली. तेव्हापासून इथले आयुष्य गाडीच्या वेळेला बांधलेले आहे. कल्याणचा मुलगा मुंबईतल्या स्पर्धेला निघतो तो तासभर लोकलमध्ये एका पायावर उभा राहून. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन ऐन पावसाळ्यात असते. निशाण पडण्याची वाट पाहत भिजलेले धावपटू कुडकुडताना मी पाहिले आहेत. तापमापक तेव्हाही पंचविशीच्या आसपासच असतो, पण ओल्या अंगाला वारा लागला की त्या आकड्याला अर्थ राहत नाही. वातानुकूलित जिम आणि बंदिस्त सभागृहे यांनी बारमाही गारठाही आता विकत आणला आहे.

माझ्या शाळेच्या दिवसांत डोंबिवलीतल्या एका आंतरशालेय स्पर्धेत आम्हा मुलांना सकाळी सात वाजता पळवून, उड्या मारायला लावून तयार केले गेले. मग रांगेत मांडी घालून बसवले. प्रमुख पाहुणे पावणेनऊला आले. भाषणे झाली, दीपप्रज्वलन झाले आणि शंभर मीटरची पहिली फेरी त्यानंतर सुटली. माझ्या शेजारच्या धावपट्टीवरचा मुलगा चाळीस मीटरवर मांडी धरून खाली बसला. स्नायू दुखावण्याला कारणे अनेक असतात. त्या दिवशी नेमके कोणते होते हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण जवळजवळ दोन तास बसलेल्या मुलांना एकदम पूर्ण वेगाने पळायला सांगणे शहाणपणाचे नव्हते, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. अशा स्पर्धा आजही होतात आणि पाहुणे आजही उशिरा येतात.

म्हणून बॅटरीच्या विजारीकडे मी कौतुकाने पाहतो, पण हेव्याने पाहत नाही. ती ज्या खेळाडूची त्याच्या शर्यतीची वेळ मिनिटामिनिटाने ठरलेली असते. त्याला शेवटचे अर्धे टक्के हवे असतात. आमच्या मुलांचे जे जाते ते त्याहून कितीतरी मोठे, आणि ते विनाखर्च वाचवता येते. फेरी कधी सुटणार हे अर्धा तास आधी सांगावे. मैदानाच्या कडेला हालचालीला वीस फूट मोकळी जागा ठेवावी. उद्घाटनाची भाषणे शर्यतींनंतर घ्यावीत. मुलांना खाली बसवून ठेवू नये. जागा नसेल तर सूर्यनमस्कार घालू द्यावेत, त्याला सतरंजीएवढी जागा पुरते. भिजलेला सदरा बदलायला लावावा. ज्याला परवडेल त्याने खुशाल तापणारी विजार घ्यावी, मात्र आधी व्यायामाने अंग तापवून.

तालमीच्या वस्तादाला नऊ टक्क्यांचा हिशेब ठाऊक नव्हता. पण तापलेले अंग निवू द्यायचे नाही, एवढे त्याला पक्के माहीत होते, आणि त्यासाठी त्याने कपडा शोधला नाही. प्रत्येकाच्या हाताला काम दिले. लंडनच्या विजारीने त्याच नियमाला बॅटरी जोडली. आपल्या मैदानांवर हा नियम परत आणायचा असेल तर सुरुवात खर्चाने नव्हे, पाहुण्यांच्या घड्याळापासून करावी लागेल.