मदनपुऱ्याचा दरवाजा आणि हाफकिनची बाटली

पोलिओचा रविवार आला की आम्हां शिक्षकांना वस्तीत फिरावे लागे. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्याआधी बंद दरवाज्यांसमोर उभे राहण्याचा अनुभव आमच्यापैकी अनेकांनी घेतला. आतून एखादी दादी विचारायची, "डोस नको. तुम्ही कुणाच्या बाजूचे?" अशा घरांपुढे आमच्या तक्त्यात एक खूण पडायची आणि शेरा लिहिला जायचा : अज्ञान.

हा शब्द आम्हाला तेव्हाही खटकत असे. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना विज्ञान शिकवताना हाफकिनचे नाव येते, आणि त्या नावामागचा इतिहास वाचला की हा शेरा अधिकच खटकतो. कारण त्या इतिहासात प्रयोगशाळा जितकी आहे तितकाच मोहल्लाही आहे.

सप्टेंबर १८९६. मांडवीच्या गोदामांच्या परिसरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एका रुग्णाच्या गाठी आणि ताप पाहून प्लेगचे निदान केले. आपल्या घरांत या रोगाला ताऊन म्हणत. सरकार हादरले. त्या वेळी वाल्देमार हाफकिन हा छत्तिशीचा शास्त्रज्ञ कलकत्त्यात होता. १८६० साली ओडेसात एका यहुदी कुटुंबात त्याचा जन्म झाला होता. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याने कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ साली ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे हिंदुस्थानात येऊन त्याने हजारो लोकांना ती लस दिली. ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने त्याला मुंबईला पाठवले.

ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला माणसेही मोजकीच होती. तिथे त्याने प्लेगचे जंतू वाढवले ते मांसाच्या रश्श्यात. युरोपात अशा कामी गाईचे मांस वापरत. इथे तसे चालणार नाही हे जाणून बकऱ्याचे मांस वापरले गेले. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले जात. जंतू त्या तुपाला धरून खाली लोंबत वाढत, गुहेच्या छताला दगडी झुंबरे लोंबावीत तसे. बाटली हलवली की ते खाली पडत आणि वर नवे वाढू लागत. असे अनेकदा झाल्यावर बाटली तापवून जंतू मारले जात आणि लस टिकावी म्हणून तिच्यात कार्बोलिक आम्ल घातले जाई. बकऱ्याचा रस्सा आणि तूप! आमच्या मुलांना हे सांगितले की वर्गात हशा पिकतो. पण हसू ओसरले की त्यांच्या ध्यानात येते की लोकांच्या श्रद्धेचा आणि खाण्यापिण्याचा विचार प्रयोगशाळेच्या टेबलावरच झाला होता.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने मोठी मात्रा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, आणि तो उठून पुन्हा कामाला लागला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे काही कैद्यांनी लस घेतली, काहींनी घेतली नाही. सगळे एकाच छताखाली राहत, एकच अन्न खात. त्यानंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्यांत लागण आणि मृत्यू बरेच अधिक झाले. फरक कशामुळे पडला हे अशा तुलनेवाचून कळत नाही. पुढच्या काळात औषधांच्या चाचण्यांचे जे शास्त्र उभे राहिले त्याची ही सुरुवातीची पावले होत.

एकीकडे हे चालले असताना दुसरीकडे सरकारचा दंडुका फिरत होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा आला. घरांची झडती, रुग्णांना ओढून इस्पितळात नेणे, निरोग्यांना छावणीत ठेवणे, सामान जाळणे हे सारे सुरू झाले. त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. तिथे गेलेला माणूस परत येत नाही असा लोकांचा समज होता. पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरले. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड याच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्याच पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे रुग्णाच्या घरात पाऊल ठेवणारे दोन प्रकारचे लोक होते, आणि लोकांना त्यांच्यातला फरक कळत होता.

आता मदनपुरा. ९ मार्च १८९८ रोजी प्लेगची झडतीची तुकडी जुलाहा विणकरांच्या या वस्तीत आली. एका घरात बारा वर्षांची आजारी मुलगी होती. तिला नेऊ द्यायला घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी नकार दिला. गर्दी जमली, दगड पडले, गोळीबार झाला आणि दंगल शहराच्या इतर भागांत पसरली. माणसे मेली. यानंतर सरकारला सक्तीचा हात सैल करावा लागला. जाती-जमातींनी चालवलेल्या इस्पितळांना अधिक वाव मिळाला. आपली भाषा बोलणारी, पडदा पाळू देणारी माणसे समोर असली की लोक रुग्णाला घेऊन स्वतःच्या पायांनी येत.

त्या घरातल्या माणसांना आम्ही अडाणी म्हणायचे काय? त्यांचा नकार रोगाच्या बाजूने नव्हता. परक्या पुरुषांनी आपली मुलगी उचलून नेऊ नये एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या नकाराने साथ थांबली नाही हे मान्य करावे लागेल. पण दंडुक्यानेही ती थांबली नाही.

याच मुंबईत वेगळे उदाहरणही घडले. खोजा इस्माइली जमातीचे इमाम तिसरे आगाखान तेव्हा विशीच्या आसपासचे होते. त्यांनी हाफकिनला कामासाठी आपला बंगला दिला आणि स्वतः लोकांसमोर लस टोचून घेतली. ही बातमी सर्वत्र पोहोचेल याची त्यांनी काळजी घेतली. हजारो खोजांनी लस घेतली. मदनपुऱ्यात आणि खोजा मोहल्ल्यात रोग एकच होता, शहरही एकच होते. फरक होता तो आधी कुणी बाही वर केली याचा.

पण इतिहास इतका गोड नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतली लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला. त्याला कामावरून दूर केले गेले. पुढे चौकशीतल्या साक्षी बारकाईने तपासल्यावर दिसले की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी हाफकिनची बाजू लावून धरली आणि १९०७ साली त्याच्यावरचा डाग पुसला गेला. मधली पाच वर्षे मात्र त्याला कुणी परत दिली नाहीत. तो १९३० साली लोझानला वारला. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून असलेल्या त्याच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्याचे नाव देण्यात आले.

मलकोवालच्या त्या १९ घरांत पुढे लसवाला आला असेल तेव्हा दरवाजा उघडला गेला असेल काय? नसेल, तर त्यालाही आम्ही अज्ञान म्हणणार काय?

२०२२ साली मुंबईत गोवर पसरला. गोवंडीसारख्या दाट वस्त्यांत मुले दगावली, त्यांत लस न मिळालेली अनेक होती. तेव्हा आमच्या शाळेतल्या शिक्षिका पालकांच्या घरी गेल्या. त्या आधी चहा घेत, मुलांच्या अभ्यासाचे बोलत, मग आपल्या लेकराला लस कधी दिली ते सांगत. सगळेच दरवाजे उघडले असे नाही. पण तक्त्यातला तो शेरा आम्ही लिहिणे सोडले. त्या जागी आता नकाराचे कारण लिहितो : मागच्या वेळी ताप आला, नवरा गावी आहे, कुणी नीट सांगितले नाही. कारण कळले की पुन्हा जाता येते.

भायखळ्याच्या तुरुंगाचा धडा शिकवून झाला तेव्हा नववीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, ते कैदी नाही म्हणू शकत होते का?" त्यांनी राजीखुशीने लस घेतली अशी नोंद आहे, असे आम्ही सांगितले. ती म्हणाली, "पण तुरुंगात राजीखुशी कशी असेल?" उत्तर आमच्यापाशी नव्हते. तास संपल्याची घंटा झाली, तरी तो प्रश्न आम्ही फळ्यावर लिहून ठेवला.