नाचातून सुटलेला मनोरा

स्पेनच्या कॅटलोनियात, तारागोना शहराच्या उत्तरेला वाल्स हे गाव आहे. माणसांवर माणसं चढवून रचलेला मनोरा, म्हणजे तिथला 'कास्तेल', या गावचा मानला जातो. त्याची कुळी मात्र नाचाची आहे. 17व्या-18व्या शतकांत तारागोनाच्या परिसरात सणावारी 'व्हॅलेन्सियाकरांचा नाच' होत असे आणि नाच संपता संपता नाचणारे एकमेकांच्या खांद्यांवर चढून छोटासा मनोरा रचत. इतिहास सहसा इथेच थांबवला जातो. माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. नाचाचा शेवट म्हणून येणारा मनोरा नाच सोडून स्वतःच्या पायावर उभा राहिला, तो वाल्समधल्या दोन तटांच्या चुरशीमुळे.

याचा पुरावा दोन गावं शेजारी ठेवली की दिसतो. व्हॅलेन्सियाजवळच्या आल्जेमेसीत सप्टेंबरमध्ये देवीच्या उत्सवात 'मुइशेरांगा' निघते. तिथेही नाच आहे, मनोरे आहेत, पण मिरवणूक सुटलेली नाही आणि उंचीला फारसं महत्त्व नाही. वाल्समध्ये 19व्या शतकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांचं एक आणि कारागिरांचं एक अशी दोन पथकं समोरासमोर ठाकली, आणि त्याच शतकात मनोरे नऊ थरांवर गेले. नियमही चुरशीनेच घडवले. सर्वांत वरचं मूल, 'एन्शानेता', शिखर ओलांडताना हात उंचावतं तेव्हा मनोरा रचला गेला असं धरतात. पण एकही माणूस न कोसळता तो पुन्हा उतरवला, तरच कामगिरी पूर्ण. नुसता देखावा करायचा असता तर उतरण्याची अशी कसून पारख कुणी केली नसती. नाचाची खूण राहिली ती 'ग्राल्या' या सनईसारख्या वाद्यात. पायथ्याच्या गर्दीत दबून उभ्या असलेल्यांना वरचं काही दिसत नाही. मनोरा कुठवर आला हे त्यांना सुरांवरूनच कळतं.

यावर पहिला आक्षेप धर्माचा. मनोरे संतांच्या दिवशी रचले जातात. वाल्समध्ये जूनमधला संत योहानाचा सण आणि ऑक्टोबरमधला संत उर्सुलेचा, हे मोठे दिवस. हे खरं आहे, पण धर्माने दिवस दिला, चौक दिला, जमाव दिला. तेवढ्याने उंची वाढत असती तर आल्जेमेसीतही वाढली असती. दहीहंडी पाहिलेल्या मराठी वाचकाला थर ओळखीचे वाटतील, मात्र साम्य दिसलं म्हणून नातं जोडता येत नाही. गोविंदांना वर हंडी फोडायची असते. कास्तेलच्या टोकाला फोडायचं काहीच नसतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चुरस हेच कारण असेल, तर 19व्या शतकाच्या अखेरीपासून मनोरे खुजे का झाले? वैर संपलं नव्हतं, हे खरं. पण फिलॉक्सेरा या किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, गावं ओस पडू लागली. नऊ थर उभे करायला खाली शेकडो माणसांचा 'पिन्या' लागतो, तो कुठून आणायचा? चुरशीने मनोऱ्याला जन्म दिला, पण त्याला जगवायला माणसं लागतात. म्हणून पुढच्या उभारीचं श्रेय मी चुरशीला एकटीला देत नाही. 1981 मध्ये वाल्सच्या जुन्या पथकाने 20व्या शतकातला पहिला नऊ थरांचा मनोरा उतरवला. त्याच सुमारास पथकांत बायका येऊ लागल्या. पुरुषांनी राखून ठेवलेल्या या खेळात वरच्या थरांना हलकी शरीरं मिळाली, पायथ्याला संख्या मिळाली. 1998 मध्ये विलाफ्रांका गावच्या पथकाने तर दहा थर रचले. 2010 मध्ये युनेस्कोने या प्रथेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मुइशेरांगेचा उत्सव त्या यादीत पुढच्याच वर्षी आला.